ब्रेस्ट कॅन्सर झाला की आई व्हायचंच नाही? त्या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज माझ्या मावसबहिणीला तिच्या सख्ख्या नणंदेने पाठवला, खाली हात जोडलेले. बहिणीची केमो, रेडिएशन सगळं होऊन दोन वर्षं झाली, आता फक्त टॅमोक्सिफेनची, म्हणजे कॅन्सरवर हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी चालूय, बाळाचा विचार करत होती आणि रात्री साडेअकराला मला रडत फोन.

मेसेज म्हणतो, गरोदरपणात हार्मोन वाढून कॅन्सर हमखास परत येतो, दिवस गेलेच तर ताबडतोब पाडा, बाळालाही कॅन्सर होतो, अंगावरच्या दुधातून जातो, आणि केमोनंतर तसंही मूल होत नाही. अरे, होतच नाही तर पाडायचं काय? लिहिणाऱ्याने निदान स्वतःचं तरी वाचावं.

'हमखास' कुठून आलं? 2023 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 'पॉझिटिव्ह' नावाचा स्टडी आला. हार्मोनवर वाढणाराच कॅन्सर झालेल्या, 42 वर्षांपर्यंतच्या पाचशेवर बायका, दीड ते अडीच वर्षं हार्मोन रोखायची अशीच ट्रीटमेंट घेतली आणि मग बाळासाठी ती जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवली. तीन वर्षांत कॅन्सरने पुन्हा डोकं वर काढलं 8.9 टक्के जणींत, आणि तुलनेला घेतलेल्या आधीच्या स्टडींमधल्या तशाच बायकांत 9.2. तीनशेवर जणींना बाळं झाली. हां, तीनेक वर्षांचाच हिशोब आहे आणि हा कॅन्सर उशिराही परत येऊ शकतो, म्हणून पुढे लक्ष ठेवतायत आणि बाळानंतर गोळी पुन्हा सुरू करायची असते, ते मान्य. पण हमखास?

आणि ते 'पाडा'! पाडल्याने कॅन्सर परत यायचा टळतो याला काडीचा पुरावा नाही. एखादी घाबरून हे करून बसली तर ते ग्रुपवरून डिलीट होणारे का?

बाळाला कॅन्सर होत नाही. आईला बीआरसीए जीनचा दोष (त्याने ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो) असेल तर तो मुलाकडे जायची शक्यता निम्मी, पण दोष म्हणजे कॅन्सर नव्हे. दुधातून तर कॅन्सर जातच नाही, रेडिएशन घेतलेल्या बाजूला दूध कमी येतं इतकंच, दुसऱ्या बाजूने पाजता येतं (गोळी परत सुरू केली की मात्र नाही).

केमोने बीजं कमी होतात हे खरंय, म्हणूनच केमोआधी ती फ्रीझ करायचं विचारतात. आणि टॅमोक्सिफेनवर असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, बाळाला अपाय होऊ शकतो, ती थांबवून कमीत कमी तीन महिने जाऊ द्यायचे, तेही डॉक्टरांना विचारूनच. पाळी बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तरी दिवस जाऊ शकतात.

बहिणीने पुढच्या आठवड्यातली ऑन्कोलॉजिस्टची अपॉइंटमेंट कॅन्सल केली होती. आज परत घेतली.