रॉड, रीळ आणि तात्या

आमच्या लहानपणी मालवणात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचं तर तीन गोष्टी लागत. तंगूस, गळ आणि शाळेला दांडी. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, पावडरच्या रिकाम्या डब्यावर गुंडाळलेली असे, गळ दुकानात नंबराने मिळत, आणि दांडीची सोय आपली आपण करायची. चाळिशीनंतर हा शौक पुन्हा अंगात आला तेव्हा वाटलं, तिसऱ्या गोष्टीसाठी आता रजेचा अर्ज टाकला की झालं, बाकी काय, बाजारात मिळतंच.

मग मी फोनवर एक व्हिडिओ बघितला.

त्यात एक अमेरिकन गृहस्थ तळ्यातल्या चकचकीत होडीत उभे होते. होडीत बसायला खुर्च्या दोन आणि रॉड डझनभर. ते 'लार्जमाउथ बास' नावाचा मासा धरत होते आणि दर दोन मिनिटांनी बजावत होते की साहित्य नीट निवडलं नाही तर मासा मिळणार नाही. आता आपल्या खाडीत बास नाही, पण चोणक आहे. रायगडात त्याला जिताडा म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी आणि इंग्रजी पुस्तकात एशियन सी बास. अमेरिकन बासशी त्याचं नातं आडनावापुरतंच. तो गोड्या तळ्यात जन्म काढणारा, आमचा चोणक अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी जाणारा. सवय मात्र दोघांची एकच : आडोशाला दबा धरून बसायचं आणि समोरून जाणारा जीव तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचा. कोळंबच्या पुलाखाली तिन्हीसांजेला तिवरांच्या मुळांत 'बुडुक्' असा आवाज येतो, तो याचाच. तो ऐकून ज्याच्या पोटात कालवत नाही त्याने खुशाल पनीर खावं.

तर पहिला प्रश्न रॉडचा. लांबी साडेसहा फूट की सात? पॉवर मीडियम की मीडियम हेवी? ॲक्शन फास्ट की मॉडरेट? पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते, आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्टवाला फक्त शेंड्याशी वाकतो, मॉडरेटवाला कमरेतून. पंधरवडाभर रात्री जागून हे वाचल्यावर माझी स्वतःची ॲक्शन मॉडरेट झाली. शेवटी सात फूट, मीडियम हेवी, फास्ट असं ठरलं. तिवरांतून मासा बाहेर खेचायचा तर रॉडात दम हवा, हे कारण मला पटलं होतं. राहिला एकच मुद्दा, रॉड एकसंध घ्यावा की दोन तुकड्यांचा. सगळे जाणकार एकमुखाने म्हणतात, एकसंध. त्याला 'फील' असतो. माशाने नुसतं नाक लावलं तरी हाताला कळतं.

या जाणकारांपैकी एकही कधी कुडाळहून मालवणला एसटीने आलेला नसावा.

पार्सल कुडाळपर्यंतच आलं. सात फुटांची ती नळी गाडीत उभी राहीना, बाकाखाली मावेना. अखेर ती मधल्या वाटेत आडवी, तिरकी, लोकांच्या पिशव्यांवरून गेली. कंडक्टरने ती ओलांडली, परत ओलांडली, आणि तिसऱ्यांदा ओलांडताना विचारलं, "ह्यां काय? पडद्याचो पाइप?"

"रॉड आहे. गरवायचा."

"इतको लांब? मासो काय वेंगुर्ल्याक आसा?"

सगळी गाडी हसली. एका आजीने त्या नळीला आपली शेवग्याच्या शेंगांची पिशवी अडकवली ती चौक्यापर्यंत. 'फील' म्हणतात तो मला पहिल्यांदा तिथे आला.

रिळाची कथा आणखी निराळी. रिळांवर २५००, ३०००, ४००० असे आकडे असतात. ते ग्रॅम नव्हेत, मीटर नव्हेत, रुपये तर नव्हेतच. नुसते आकडे. मग गिअर रेशो. ६.२ : १ म्हणजे हँडल एकदा फिरवलं की आतलं चाक सहा वेळा आणि वर थोडं फिरतं. त्या 'वर थोडं'चे पैसे वेगळे. शिवाय रिळांच्या जाती दोन. स्पिनिंग रीळ कुणालाही येतं, त्यामुळे व्हिडिओत त्याला फारसा मान नाही. खरा बासवाला बेटकास्टर वापरतो. त्यात तंगुशीचं चाक स्वतः गरगरतं आणि फेकताना त्यावर अंगठा अलगद टेकवून ठेवायचा असतो. आमिष वाऱ्याने अडलं आणि चाक अडलं नाही, तर सुटलेली तंगूस जागच्या जागी फुगून वर येते आणि असा गुंता होतो की त्याला सुरुवात नसते, शेवट नसतो. मालवणात दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. धक्क्यावर उभं राहून समुद्राकडे फेकलं की काय होणार ते सांगायला नको.

मी गुंता सोडवत बसलो तेव्हा भोवती माणसं जमली. कुणी कातर आण म्हणालं, कुणी मेण लाव म्हणालं. माशांची पाटी घेऊन चाललेल्या एक मावशी थांबल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "रापणीक इतको गुंतो करूक वीस माणसां लागतत. तू एकट्यान केलंस."

त्यानंतर मी स्पिनिंग रीळ घेतलं. ३००० नंबरचं. ते खाऱ्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर आतले बेअरिंग गंजतात. आई म्हणते, घरातल्या कुठल्या पाहुण्याला इतक्या अगत्याने पाय धुवायला पाणी मिळालेलं नाही.

तंगुशीतही आता तंगूस राहिली नाही. ब्रेड आली. ती विणलेली असते, बारीक, ताकदवान, आणि ताणली तरी लांबत नाही. पण चोणकाच्या गालफडाच्या झाकणाला पात्याची धार असते. त्याला दात म्हणावेत असे नाहीत, काम तो तिथे करतो. मान झटकली की ब्रेड कापली गेली म्हणून समजा. म्हणून ब्रेडच्या पुढे हातभर लीडर, म्हणजे जाड तंगुशीचा तुकडा, जोडायचा, आणि तो जोडायची गाठ म्हणजे एफजी. ब्रेडचा वेढा लीडरवर एकदा वरून, एकदा खालून, असे वीसेक, आणि सबंध वेळ ताण ढिला होऊ द्यायचा नाही. त्यासाठी एक टोक दातांत धरतात, दुसरं पायाच्या अंगठ्यात. पुलाखाली संध्याकाळी ही गाठ मारणारा माणूस दोन्ही हात, दात आणि एक पाय गुंतवून बसलेला असतो, हे तिथल्या मच्छरांना माझ्याआधी कळलं. गाठ पक्की बसते, हे मात्र कबूल केलं पाहिजे. आजवर सुटली नाही. सुटलं ते बाकीचं सगळं.

आता आमिष. लाउरी रापाला नावाच्या फिनलंडच्या एका कोळ्याने १९३६ साली बुचाचं लाकूड कोरून एक मासा केला. त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. झालं त्याचं आमिष तयार. आज त्याच्याच नावाने मिळणाऱ्या आमिषांचे रंग वाचायला बसलो तर चष्मा पुसावा लागतो. नियम सोपा सांगतात : पाणी नितळ असेल तर साधे, चंदेरी रंग, गढूळ असेल तर एकदम काळपट किंवा एकदम भडक. पण सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कोळंबचं पाणी अर्ध्या तासात दोन रंग बदलतं. त्यामुळे मी दोन्ही बाजूंनी तयारी ठेवली. खालच्या पाण्यासाठी रबरी मासे, वरच्यासाठी 'पॉपर', मधल्यासाठी 'मिनो'. ज्याला व्हिडिओत चार्ट्रूज म्हणतात तो पोपटीच आहे हे पुतणीने दाखवून दिलं, आणि मी ज्याला बबलगम म्हणत होतो ती तिच्या मैत्रिणीची नेलपॉलिश निघाली.

बासचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी नावाच्या शेतकऱ्याने १९३२ साली जॉर्जियात केला. २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंच्या थोडा वर. सांगतात की त्या दिवशी तो आणि त्याचा मित्र यांच्यात मिळून रॉड एक आणि आमिषही एक. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जवळजवळ एक औंस जास्त भरणारा मासा धरला, पण विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात म्हणून दोघं बरोबरीत. हे मी वाचलं तेव्हा माझ्या पेटीचा तिसरा कप्पा भरत आला होता. मी पुढचं पान उघडलं.

तात्या आमचे शेजारी. जुना गरवणारा माणूस. माझी पेटी बघून त्यांनी एक रबरी मासा उचलला, वास घेतला, दाबला. "वास नाय, चव नाय. चोणक कित्याक खातलो?"

वाचकांना वाटेल, आता हे तात्या एका गळावर आणि चिमूटभर अनुभवावर मला लाजवणार. अजिबात नाही. निवडीच्या बाबतीत तात्या त्या अमेरिकनाचे काका शोभतील. त्यांना निळी तंगूस चालत नाही, पांढरीच लागते. शिसं दातांनी चावून ते वजन ठरवतात. आमिष म्हणून सुंगट, म्हणजे कोळंबी, जिवंत हवं, मधल्या बोटाएवढंच हवं, आणि गळ घालायचा तो त्याच्या डोक्यावरच्या काट्याच्या बुडाशी, आत दिसणारा काळा ठिपका चुकवून. ठिपक्याला गळ लागला की सुंगट मेलं. ते ही शस्त्रक्रिया चष्मा कपाळावर ढकलून करतात आणि त्या वेळी बोललेलं त्यांना खपत नाही. शिवाय घरातून निघताना "खंय चललास?" असं कुणी विचारलं तर मोहीम रद्द. अमेरिकनाच्या यादीत निदान ही अट नव्हती.

भरतीचं गणित मात्र तात्यांनी करावं. माझ्या फोनमध्ये त्यासाठी ॲप आहे. तात्या तिथीची पाऊणपट करतात. "पंचमी. पाच पाऊण पावणेचार." म्हणजे पावणेचारला पुरी भरती, मग सुकती. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागून, म्हणून पाऊण तासाचा हा हिशेब बसतो. ॲपचा आणि तात्यांचा फरक पडला तर तात्या म्हणतात, फोनाक तिथी ठावक नाय.

कार्तिकातल्या अशाच एका पंचमीला आम्ही पुलाखाली बसलो. सुकती लागली की तिवरांतलं पाणी लहान लहान ओहोळांनी खाडीत उतरतं, आणि त्यातून सुंगटं, बारके मासे बाहेर पडतात. चोणक ओहोळाच्या तोंडाशी, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. मी रबरी मासा टेक्सास पद्धतीने लावला होता. यात गळाचं टोक रबराच्या पोटात लपवतात, त्यामुळे तो मुळांत, कालवांत अडकत नाही. अमेरिकेचं हे देणं मला मनापासून मान्य आहे, कारण त्याआधी त्या काठच्या तिवरांवर माझे इतके रंगीत मासे लटकले होते की दिवाळीचे आकाशकंदील उतरवायचे राहिलेत असं वाटावं.

पहिला घास आला. बारीक, कुरतडल्यासारखा. वर ओढलं तर रबरी माशाला शेपूटच नाही. दुसरा लावला, त्याचीही गेली. केंड. हा मासा दोरीच काय, गळही कातरतो, आणि धरला तर हवा भरून गोल होतो आणि आपल्याकडे रागाने बघतो. अमेरिकन गृहस्थांना केंड ठाऊक नाही. रबरी माशांची पाकिटं आठाच्या आठ का येतात ते मला केंडाने समजावलं. एवढ्यात पुलावरून जाणाऱ्याने वाकून विचारलं, "गावला काय?" आणि उत्तराची वाट न बघता, "काल येवक व्हया होता. काल होते." गरवणाऱ्यांचं जगभर एकाही गोष्टीवर एकमत नाही, फक्त कालवर आहे.

उजेड कमी झाला तेव्हा ओहोळाच्या तोंडाशी टाकून मी आमिष बुडू दिलं, दोनदा हिसका दिला, थांबलो. त्या थांबण्यातच ठोका बसला. रॉड कमरेतून नाही, शेंड्यातूनच वाकला, हे मी तेवढ्यातही बघून घेतलं. मासा पाण्याबाहेर उसळला, मान झटकली, डोळा तांबडा चमकला. लीडर टिकला, गाठ टिकली. जाळीत आला तेव्हा जेमतेम फूटभर भरला.

आता व्हिडिओत सांगितलं होतं, लहान मासा सोडावा. आणि चोणकाचं तर असं की तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी, वाढला की, मादी होतो. म्हणजे हा पोरगा पुढे अंडी घालणार. मी हात ओला केला, गळ काढला, त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं, आणि सोडला.

तात्यांच्या हातातलं सुंगट पडलं.

"सोडलंस? चोणक? सोडलंस?"

मी नर-मादीचं सगळं शास्त्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "तेका सांगलंस ह्यां?"

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. आईने वाटप वाटून ठेवलं होतं, ते तिने काही न बोलता बटाट्यात घातलं. दुसऱ्या दिवशी केशकर्तनालयात, टपरीवर, कार्यालयात एकच प्रश्न : "मगे गरवलंस कित्याक?" याला व्हिडिओत उत्तर नव्हतं. मी तात्यांना समजवायला म्हणून पेरीची गोष्ट सांगितली. एवढा मोठा मासा, जगातला विक्रम, नव्वद वर्षं होऊन गेली. तात्यांनी विचारलं, मग त्या माशाचं केलं काय त्याने?

"खाल्ला. घरच्यांनी मिळून."

"शाणो माणूस," तात्या म्हणाले. मग त्यांनी माझी पेटी उघडली, पोपटी रंगाचा एक रबरी मासा निवडून खिशात टाकला आणि निघता निघता सांगितलं, "फुडच्या टायमाक सोडूचोच आसलो, तर माझ्या बालदीत सोड."