घोडेस्वारीचा क्लास लावायचाय? आधी दुपारी तीनला जाऊन या

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकीने विचारलं, मुलीला हॉर्स रायडिंग लावायचंय, जवळात जवळ कुठे आहे, आणि खाली धडाधड लोकेशन पडायला लागली. एकाने तर लिहिलं की आमच्या इथे कॅफे पण आहे, मुलं घोड्यावर असेपर्यंत आपण निवांत कॉफी. मी तिथे काही बोलले नाही, ग्रुपवर लांब लिहिलं की लोक अंगठा देतात आणि वाचत नाहीत. म्हणून इथे लिहितेय. मी काही एक्सपर्ट नाही, बँकेत नोकरी करणारी बाई आहे, पण दोनेक वर्षं या घोड्यांच्या मागे घालवलीत आणि एकदा सपशेल फसलेय.

आमचं सुरू झालं ते 2023 च्या हांगझोऊ एशियाडमुळे. ड्रेसेजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेतात त्या प्रकारात, आपल्या टीमला गोल्ड मिळालं, घोडेस्वारीत 1982 नंतर पहिल्यांदा म्हणजे 41 वर्षांनी, आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. लेक तेव्हा नऊ वर्षांची. तो व्हिडिओ तिने इतक्यांदा पाहिला की माझा मोबाइल तापायचा. घोडा नाचतोय असं तिला वाटायचं, खरं सांगायचं तर मलाही. (ती मुलं युरोपात राहून वर्षानुवर्षं शिकलेली आहेत हे मला फी भरून झाल्यावर कळलं.)

तर पहिली जागा आम्ही निवडली ती रविवारी सकाळी दहाला बघून. चकाचक गेट, पांढरं कुंपण, पोरं हेल्मेट घालून गोल गोल फिरतायत, भिंतीवर ट्रॉफ्या. तीन महिन्यांचं पॅकेज तिथल्या तिथे भरलं. आणि मग एका गुरुवारी लेकीची बाटली राहिली म्हणून मी एकटीच दुपारी तीनच्या सुमारास गेले. मे महिना. चार घोडे उन्हात बांधलेले, प्लास्टिकच्या टपात तळाला हिरवट पाणी, आणि ज्या घोडीवर माझी मुलगी बसायची तिच्या तंगाखाली, म्हणजे खोगिराचा पट्टा पोटाखालून जिथे आवळतात ना तिथे, रुपयाएवढी जखम, त्यावर माशा. रविवारी ती मला दिसली नव्हती कारण रविवारी तिच्यावर तंग आवळलेलाच होता. मला त्या घोडीची कीव आली, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. लेक दोन आठवडे सांगत होती की ही घोडी तंग आवळताना चावायला येते आणि मी म्हणत होते, अगं स्वभाव असतो एकेकाचा. चावेल नाहीतर काय करेल बिचारी!

म्हणून माझं पहिलं आणि खरं तर एकच सांगणं, दुपारी जा. न सांगता जा. शाळेचं स्वयंपाकघर बघायला आपण स्नेहसंमेलनाच्या दिवशी जातो का?

आणि गेल्यावर कॅफे, ट्रॉफ्या, इन्स्टाचे रील वगैरे सोडा, घोड्यासमोर काय आहे ते बघा. घोडा हा दिवसभर थोडं थोडं चरणारा प्राणी आहे. मोकळा असला तर पंधरा-सोळा तास तोंड चालू असतं त्याचं. पोट शरीराच्या मानाने इतकंसं आणि त्याला उलटी होऊ शकत नाही. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ बादलीभर दाणा टाकला आणि मधे ठणठणाट असं केलं की पोटदुखी आलीच. चार-साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-नऊ किलो सुका चारा लागतो, पाणी तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दुपारी तीनला समोर गवताची काडी नसेल तर पुढचे प्रश्न विचारूच नका, गाडीत बसा.

मग बॉक्स, म्हणजे घोड्याची राहायची खोली. घोड्याला आत सहज वळता आणि आडवं पडता आलं पाहिजे, बारा बाय बारा फूट हे साधारण माप. दारात उभं राहून नाक काय म्हणतं ते ऐका. लिदीचा वास येणारच, त्याचं काही नाही, पण मुताचा वास डोळ्यांत झोंबत असेल तर खाली भुसा बदललेला नाही. मावळात नाहीतर मुळशीकडे बघत असाल तर जुलैमध्ये एक चक्कर माराच. हिवाळ्यात सगळ्याच पागा सुंदर दिसतात. पावसात चिखल घोट्यापर्यंत येतो, खुरं दिवसरात्र ओली राहतात आणि खुराच्या तळाला कुज धरते, तिचा वास एकदा घेतला की विसरत नाही माणूस. नालबंद किती दिवसांनी येतो हे विचारा. सहा ते आठ आठवडे हे बरोबर उत्तर. "लागला की बोलावतो" हे चुकीचं.

आता माणसं. सगळे ट्रेनरला भेटतात, सर्टिफिकेट बघतात. बघा की, ना नाही. पण मी सईसाशी, म्हणजे घोड्याची रोजची निगा राखणाऱ्या माणसाशी बोलते. आमचे आजोबा त्याला मोतद्दार म्हणायचे, त्यांच्याकडे वाईजवळच्या गावात एक घोडी होती, डोंगरावरच्या शेतात जायला. ते म्हणायचे घोडी मालकाची नसते, खरारा करणाऱ्याची (म्हणजे रोज तिचं अंग घासणाऱ्याची) असते. सईस किती वर्षं टिकलाय, त्याच्या वाट्याला किती घोडे, तो जवळ गेला की घोडा कान मागे पाडतो का मान पुढे करतो, यातून तुम्हाला जे कळेल ते ट्रेनरच्या तासाभराच्या बोलण्यातून कळणार नाही. दोन माणसं आणि अठरा घोडे असतील तर कोणी कितीही चांगला असो, हात दोनच आहेत त्याला.

अजून एक विचारायचं ते म्हणजे हेच घोडे लग्नाला जातात का. वरातीवर माझा राग नाही, तो त्यांचा धंदा आहे आणि घोडं पोसायला पैसे लागतातच. पण रात्री बारापर्यंत बँजो आणि फटाक्यांत उभा राहिलेला घोडा सकाळी सातला तुमच्या आठ वर्षांच्या पोराला घेऊन शांत चालेल अशी अपेक्षा करू नका.

शिकवण्याबद्दल माझं मत जरा जुनाट वाटेल. आमच्या पहिल्या जागी तिसऱ्या दिवशी पोरीला कँटरवर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाच्या चालीवर घातलं. आम्ही टाळ्या वाजवत व्हिडिओ काढला. पाचव्या दिवशी ती पडली, हेल्मेट तिच्या डोक्याला मोठं होतं ते कपाळावरून सरकलं, नशिबाने खांद्यावर निभावलं. आत्ताच्या ठिकाणी पहिले चार रविवार ती फक्त खरारा करणं, खुरातली माती काढणं, तंग तपासणं हेच शिकली आणि मग तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी तिला लंजवर घेतलं, म्हणजे लांब दोरीवर घोडा गोल फिरवतात ना ते, लगाम हातात न देता. नवरा वैतागला, म्हणे आपण पैसे भरून लीद काढायला आलोय का. पण लगाम नसला की तोल सावरायला घोड्याचं तोंड ओढता येत नाही, मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, आपोआप पक्की होते. दुडकीवर घोड्याच्या ठेक्यात उठबस करायला तिला दीड महिना लागला. मला तीन. (हो, मीपण चढले. चाळिशी उलटल्यावर मांड्या इतक्या दुखतात की पहिला आठवडा मी कॅशियरच्या खुर्चीवरून टेबल धरून उठत होते.)

एका घोड्याला दिवसात किती लेसन हेही विचारा. आमच्याकडे तीन, त्यातला एक छोट्यांचा, घोडा नुसता चालवायचा. आणि वजन. मोठ्या माणसाला "चालेल हो, बसा" म्हणून तट्टावर चढवणारी जागा असेल तर ती लहानांनाही तशीच हाताळते. आमच्या बाईंनी मला सरळ वजनकाट्यावर उभं केलं होतं. अपमान वाटला, नंतर आवडलं.

बोर्डिंगचं, म्हणजे आपला घोडा पैसे देऊन दुसऱ्याच्या पागेत ठेवायचं प्रकरण वेगळं आहे आणि खरं तर याच्यासाठीच ही पोस्ट लिहायला घेतली. सहा-आठ महिने झाले की पोरं म्हणायला लागतात आपला स्वतःचा घोडा घेऊ. आणि आपल्याकडे रेसमधून निघालेले घोडे बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात, पुण्या-मुंबईचा रेसचा सीझन संपला की फोन फिरायला लागतात. माझ्या एका सहकाऱ्याने असा एक घेतला. पाच वर्षांचा थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा, दिसायला राजबिंडा, पण त्या बिचाऱ्याला आयुष्यात पळण्याशिवाय काही शिकवलेलंच नाही. तो ठेवला एका पागेत महिन्याच्या बोलीवर. एका रात्री दोनला घोडा लोळायला लागला, पोटाकडे वळून वळून बघतोय, घामाने निथळतोय. कोलिक, म्हणजे घोड्याची जीवघेणी ठरू शकणारी पोटदुखी. चौकीदाराने माझ्या सहकाऱ्याला फोन केला, त्याचा फोन सायलेंट. डॉक्टर बोलवायचा का, बोलवला तर पैसे कोण देणार, हे कुठे ठरलेलंच नव्हतं म्हणून सकाळी सहापर्यंत कुणी डॉक्टरला फोनच केला नाही. घोडा वाचला, पण थोडक्यात.

तेव्हा बोर्डिंगचं बोलताना महिन्याचा आकडा सगळ्यात शेवटी विचारा. रात्री पागेत झोपतं कोण, चौकीदार का घोड्यातलं कळणारा माणूस? डॉक्टर किती लांबून येतो? तुम्ही फोनवर सापडला नाहीत तर किती खर्चापर्यंत त्यांनी स्वतः निर्णय घ्यायचा, हे लिहून घ्या, साध्या कागदावर चालेल. त्या आकड्यात चारा, दाणा, सईस एवढंच धरलंय का नाल, जंताचं औषध, धनुर्वाताची लस, दातांच्या वाढलेल्या कडा घासणंही आहे, ते एकेक करून विचारा. तुमचा घोडा त्यांच्या क्लासला वापरणार का, हेसुद्धा, कारण मालक आठवड्यातून एकदा येतो आणि बाकी सहा दिवस त्याच्याच घोड्यावर लेसन चालतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि नवा घोडा आत घेताना ते ग्लँडर्सचा, म्हणजे घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाचा, रिपोर्ट मागतात का ते बघा. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह निघालेला घोडा कायद्याने मारावाच लागतो. रिपोर्ट न मागता "आणा उद्या" म्हणणारा माणूस शेजारच्या बॉक्समध्येही असाच कोणीतरी घेऊन बसलेला असणार.

आमचे एक काका सारंगखेड्याच्या यात्रेला, तिथल्या घोडेबाजाराला, दरवर्षी जातात, दत्तजयंतीला. त्यांचं म्हणणं पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला) मारवाडी जातीचा घोडा बघून देतो, अंगावरचे शुभ-अशुभ मानतात ते केसांचे भोवरे तपासून देतो, घरात लक्ष्मी येईल. काका, लक्ष्मी जाईल ओ! घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. लेक अकरा वर्षांची आहे, दहावीला तिचा क्लास सुटला, पुढे हॉस्टेलला गेली तर त्या घोड्याचं काय करायचं, हा प्रश्न मी घरात विचारला तेव्हा सगळे गप्प बसले. मग आम्ही मधला मार्ग काढला, पागेतल्याच एका चौदा वर्षांच्या घोडीचा अर्धा खर्च आम्ही देतो आणि आठवड्यातले तीन दिवस ती आमची. दिसायला काही खास नाही, पोट सुटलंय, पण ट्रक हॉर्न मारत गेला तरी कान हलवण्यापलीकडे काही करत नाही. शिकणाऱ्याला असाच घोडा हवा.

आमच्या पागेचं नाव कमेंटमध्ये विचारू नका, तिथे सध्या जागाच नाहीये आणि गर्दी झाली तर बाई मलाच ओरडतील. पण तुम्ही कुठली बघून आलात ते लिहा, आणि किती वाजता गेला होतात तेही.