रेघ रत्नागिरीत पडली

गेल्या मंगळवारपासून कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत मला दोघांनी हापूसचा भाव विचारला आहे. तिसऱ्याने विचारला तर माझ्या तोंडून काय बाहेर पडेल, याची हमी मी देऊ शकत नाही.

काम साधे होते. वाघबीळच्या अलीकडे उतारावरची एक जागा, तिच्यावर गोदामासाठी सपाटीकरण, आणि खोदाई कुठे संपते व भराव कुठे सुरू होतो ती रेघ नकाशावर काढून द्यायची. मोजणीच्या आकड्यांसोबत मालकांनी आपले मामाही पाठवून दिले. मामा भडंगाचा पुडा घेऊन माझ्या खुर्चीच्या इतके जवळ बसले, की माऊसच्या प्रत्येक क्लिकनंतर माझ्या कानाशी कुर्रकन आवाज होत होता.

संगणकातली जमीन म्हणजे त्रिकोणांचे जाळे असते. मोजलेले बिंदू एकमेकांना जोडताना कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात आणखी एखादा बिंदू शिरू द्यायचा नाही, हा दंडक बोरिस देलोने या रशियन गणितज्ञाने १९३४ साली मांडला, आणि त्याच्या मागे बसून कोणी भडंग खात होते, अशी नोंद माझ्या तरी वाचनात नाही. असे एक जाळे आजच्या जमिनीचे आणि दुसरे होऊ घातलेल्या जमिनीचे. ती दोन्ही एकमेकांना जिथे छेदतात, ती आमची रेघ. शेकडो त्रिकोणांच्या गर्दीत ती नजरेने हुडकणे अशक्य, म्हणून नव्या जमिनीच्या उंचीतून जुन्या जमिनीची उंची वजा करून फरकाचा तिसरा पृष्ठभाग तयार करतात. फरक धन असेल तिथे भराव, ऋण असेल तिथे खोदाई, आणि शून्य असेल तिथे दोन्ही जमिनींची गाठ पडते. शून्याची ती समोच्च रेषा उचलून घेतली, की रेघ हातात.

हे सगळे मी मामांना समजावून सांगितले. ही माझी पहिली चूक.

“म्हंजे कुठवर उकरायचं नि कुठनं भरायचं, एवढंच की?”

“हो, तेवढंच.”

“मग तिसरी जमीन कशाला लागत्या? हितं दोन जमिनींचीच भांडणं मिटंनात.”

मी मुकाट्याने रेघ काढली. ती उताराला आडवी, अगदी शहाण्यासारखी गेली. पण खालच्या अंगाला, भरावाच्या ऐन मध्यावर, एक चिमुकले वर्तुळ उमटले. भरावात खोदाईचे बेट कुठून आले, या विचाराने मी अर्धा तास त्रिकोण उलटेपालटे करत बसलो. मामांनी मानही न वळवता सांगितले, “त्यो आमचा शेणखताचा ढीग. मोजणीवाल्या पोरानं त्याच्यावर बी काठी धरली हुती.” ते खरे निघाले, आणि मामांनी भडंगाचा पुढचा घास जरा सावकाश खाल्ला.

आपली विद्या दाखवण्याची खुमखुमी मला तिथे नडली. दोन्ही जमिनी आणि रेघ एकत्र दिसावीत, म्हणून मी चित्र आडवे फिरवले. दोन्ही पृष्ठभाग वर कागदाच्या कपट्यांसारखे तरंगत होते आणि रेघ पार खाली, पडद्याच्या तळाशी, दोरीवरून पडलेल्या नाडीसारखी लोळत होती.

“रेघ पडली की ओ!”

“पडली नाही, मामा. ती फरकाची रेघ आहे, फरक शून्य आहे, म्हणून तिची उंचीही शून्यच येते. जागा समुद्रसपाटीपासून ५८० मीटरवर आणि रेघ समुद्रसपाटीला, इतकंच.”

“समुद्राला?” मामांनी पुडा खाली ठेवला. “म्हंजे रत्नागिरीत?”

“तसं नव्हे, सरळ खालीच...”

“जागा वाघबीळला, नि रेघ आंबा घाट उतरून रत्नागिरीत? रस्ता त्योच हाय म्हणा.”

ती रेघ मूळ जमिनीवर अंथरायला एकच आज्ञा लागते. जमीन जिथे ज्या उंचीवर असेल ती उंची रेघेला आपोआप मिळते, आणि मामांच्या डोळ्यांदेखत मी ती अंथरलीही. पण तेवढ्यात चहा घेऊन पोरगा आला होता, मामांनी त्याला सगळे साग्रसंगीत ऐकवले होते, आणि पोरगा पुढे सात दुकानांत चहा देणार होता. रेघ वर आल्याची बातमी त्यातल्या एकाही दुकानात पोहोचली नाही. संध्याकाळी एका वर्गमित्राचा फोन आला: “कोकणातलं काम मिळालं म्हणे तुला!”

इथवर मीही हसलो असतो. परंतु शनिवारी जागेवर गेलो तेव्हा माझा नकाशा जेसीबीच्या काचेवर उन्हापासून आडोसा म्हणून लावलेला होता, आणि फक्कीची रेघ मामांनी नजरेच्या अंदाजाने, माझ्या रेघेपासून चांगली पंधरा फूट वर मारलेली होती. त्या पंधरा फुटांच्या पट्ट्यात खोदायला हवे होते, तिथेच मुरूम ओतला गेला. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि तो मुरूम किती ब्रास भरला असेल, हा हिशेब मी उभ्या उभ्या मांडून दाखवला. तो कोणी ऐकला नाही. ढीग मात्र हलवला होता.

काल मालकांचा फोन आला. मुरूम अंदाजापेक्षा जास्त कसा लागला, असे त्यांनी मलाच विचारले. नकाशातली रेघ बघा, असे मी म्हणालो, तर ते अत्यंत सभ्यपणे म्हणाले, “ते खरं हो इंजिनियरसाहेब, पण मामा म्हणत होते, तुमची रेघ जरा खाली गेलेली.”

बिल अजून त्यांच्याकडेच आहे.