‘बेअरिंग घ्या तर सी3च’ म्हणणाऱ्यांना

मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. सार असं: नंबर जुळला की झालं, सी3 (आत नेहमीपेक्षा जास्त मोकळी जागा असलेलं बेअरिंग) कायम जास्त टिकतं, जमेल तिथे मोठं बेअरिंग टाका, रबर सीलचं घ्या, ग्रीस ठासून भरा. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या मशीनवर खरी असते. ती सरसकट लावली की मात्र बेअरिंग जातं. तपासणीला 40 मिमी शाफ्टवरचं 6308 नंबरचं बॉल बेअरिंग घेऊ.

‘नंबर जुळला की झालं.’ 6308 मधला 08 पाचने गुणला की 40 मिमी आतला व्यास (हा गुणाकार 04 पासून पुढे चालतो). बाहेरचा व्यास 90, रुंदी 23. म्हणजे नंबराने बेअरिंगचा प्रकार आणि मापं जुळली, बस्स. क्लिअरन्स (गोळ्या आणि रिंगांमधली मोकळी जागा) आणि सील पुढच्या अक्षरांत असतात, म्हणून इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, ‘6308 झेडझेड सी3’ असं पूर्ण लिहा (झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं). नुसतं ‘6308’ लिहिलं तर दुकानदार शिल्लक असेल ते देणार.

‘सी3 कायम जास्त टिकतं.’ फॉरवर्डमधला सर्वात घातक दावा हाच, कारण मोटरच्या बाबतीत तो बहुधा खरा ठरतो. न बसवलेल्या 6308 चा सामान्य क्लिअरन्स 6 ते 20 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), सी3 चा 15 ते 33. शाफ्ट के6 फिटचा (घट्ट बसणीसाठीचं एक प्रमाणित माप) असेल तर तो 40 मिमीपेक्षा 2 ते 18 मायक्रॉन जाड. बेअरिंगचं भोक शून्य ते 12 मायक्रॉन कमी. सरासरी 15-16 मायक्रॉनची घट्ट बसणी झाली आणि तिच्यातला सुमारे 80 टक्के भाग क्लिअरन्समधून वजा होतो. चालताना आतली रिंग बाहेरच्या रिंगपेक्षा 10 अंश जास्त तापली तर आणखी 8 मायक्रॉन गेले. एकूण वजावट 20 च्या आसपास. सामान्य क्लिअरन्सवालं इथे आवळलं जाईल, सी3 मध्ये थोडी जागा उरेल.

आता शाफ्ट सैल फिटचा, मशीन थंड आणि वेग कमी आहे असं धरा. वजावट जवळपास काहीच नाही, त्यामुळे सी3 ढिलंच राहतं. भार मोजक्या गोळ्यांवर येतो, आवाज वाढतो, आयुष्य घटतं. तेव्हा आधी फिट आणि तापमान बघायचं, मग क्लिअरन्स ठरवायचा. झिजलेल्या शाफ्टला पंचाचे ठोके मारून बेअरिंग घट्ट करणाऱ्यांसाठी मात्र कुठलाच क्लिअरन्स योग्य नाही.

‘मोठं टाका.’ 6308 ची डायनॅमिक क्षमता (दहा लाख फेऱ्यांच्या आयुष्यासाठीचा भार) साधारण 42 किलोन्यूटन. भार 4 किलोन्यूटन असेल तर (42÷4) चा घन, म्हणजे सुमारे 1,158 दशलक्ष फेरे. 1440 आरपीएमला हे अंदाजे 13,400 तास होतात, आणि त्यातही 10 टक्के बेअरिंगं त्याआधीच जातील असं गृहीत असतं. घनाच्या हिशेबामुळे भार 25 टक्के वाढला की आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून मोठं बेअरिंग मागवण्याआधी बेल्ट किती ताणलाय ते तपासा. दुसरीकडे, फार हलक्या भाराखाली मोठ्या बेअरिंगच्या गोळ्या फिरण्याऐवजी घसरतात. ढोबळ हिशेबाने क्षमतेच्या एक टक्का तरी भार हवा.

‘रबर सीलचं घ्या.’ धुळीत चांगलंच. पण रबर रिंगला घासतं, तापतं, आणि वेगाची मर्यादा उघड्या बेअरिंगच्या निम्म्याच्या आसपास येते. शिवाय दोन्ही बाजूंनी बंद बेअरिंग ग्रीस निपलच्या (बाहेरून ग्रीस भरायचं तोंड असलेल्या) हाउसिंगमध्ये बसवलं तर पंप केलेलं ग्रीस गोळ्यांपर्यंत पोचतच नाही. मोटरमध्ये ते वाइंडिंगवर जाऊ शकतं.

‘ग्रीस ठासून भरा.’ वेगात चालणाऱ्या बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या 30 ते 50 टक्केच भरा. जास्त ग्रीस घुसळलं जाऊन तापतं. पुन्हा घालताना बाहेरचा व्यास × रुंदी (दोन्ही मिमीत) × 0.005 एवढे ग्रॅम, म्हणजे 6308 ला सुमारे 10. लिथियम ग्रीसवर पॉलीयुरिया जातीचं ग्रीस घालू नका. आणि ग्रीस गनच्या दहा दाबांचं ग्रीस कागदावर काढून एकदा वजन करा; एका दाबात किती ग्रॅम येतं ते गनवरच रंगवून ठेवा.