मागच्या शॉकअपला भोक पाडू नका

‘शोरूमची लूट थांबवा! मागचं सस्पेन्शन घरबसल्या ८०० रुपयांत नव्यासारखं!!’ अशा मथळ्याचा मेसेज सध्या जोरात फिरतोय. माझ्याकडे तो बऱ्याच ग्रुपांवरून आला आणि मी नेहमीप्रमाणे सोडून दिला. पण परवा तो साताऱ्याहून आमच्या दाजींनी पाठवला, खाली स्वतःची एक ओळ जोडून : ‘यातलं तेलाचं करून घेऊ का? गणपतीला कोकणात जायचंय आणि डिकी फार खाली बसतेय.’ दाजींची स्विफ्ट, मागे ताई, पोरं आणि आबा, डिकीत पंधरा दिवसांचं सामान आणि पुढे आंबेनळी घाट. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

मी शोरूमवाला नाही. माझं स्वतःचं लहानसं गॅरेज आहे आणि शोरूमच्या बिलांना नावं ठेवण्यात मी कुणाला हार जाणार नाही. त्यामुळे ‘तुम्ही त्यांचेच’ हे आधीच बाजूला ठेवा.

मेसेज म्हणतो ते थोडक्यात असं : शॉकअप कधी खराब होत नाही, फक्त त्यातलं तेल संपतं, म्हणून त्याला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, इंजिन ऑइल तोंडापर्यंत भरा आणि वेल्डिंगने बुजवा. स्प्रिंगमध्ये रबरी बफर घाला, गाडी उचलेल आणि जास्त वजन घेईल. एकाच बाजूचा शॉकअप गेला असेल तर तेवढाच बदला. कुईकुई आवाज आला तर बुशवर (सांध्यातल्या रबरी कडीवर) जळकं ऑइल सोडा. काम दोनच नटांचं आहे, स्टेपनीच्या जॅकवर घरीच होतं. मागचा शॉकअप नुसता आरामासाठी असतो, ब्रेकशी त्याचा संबंध नाही. आणि मागच्या चाकांचं अलाइनमेंट (कोन जुळवणं) म्हणजे शुद्ध फसवणूक.

आधी तेलाचं प्रकरण घेतो. बाकीचे सल्ले बहुतेक खिशाला चाट लावतील, हा हात-डोळे घेऊन जाईल.

शॉकअपच्या नळीत तेल असतं, पिस्टन असतो आणि पिस्टनला बारीक झडपा असतात. चाक खड्ड्यात गेलं की दांडा आत-बाहेर होतो, तेल त्या झडपांतून रेटून जातं आणि स्प्रिंगचं झुलणं तिथे उष्णतेत जिरतं. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप चांगला तापलेला लागतो तो यामुळेच. आता इतक्या वेगाने तेल घुसळलं की त्याला फेस येतो आणि फेस झडपेतून गेला काय नि न गेला काय, अडवणूक शून्य. म्हणून हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तेलावर दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये हा दाब कमी असतो, एका नळीच्या शॉकअपमध्ये २० बारच्या वरही जातो. तुमच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. अशा बंद नळीला ड्रिल लावायचं म्हणजे गरम तेलाची पिचकारी आणि लोखंडाचा कीस सरळ तोंडावर. त्यानंतर मेसेज सांगतो की त्याच तेल भरलेल्या बंद नळीवर वेल्डिंगचा रॉड टेकवा! आत तेलाची वाफ, बाहेरून ठिणगी. अशी बंद नळी तापवली तर ती फुटते, हे कुठल्याही वेल्डरला विचारा. जो शहाणा असेल तो हे काम घेणारच नाही.

यावर माझा शब्द घ्यायची गरज नाही. सुझुकीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मागच्या शॉकअपबद्दल स्पष्ट सूचना आहेत : आत दाबाखाली वायू आहे, तो उघडायचा प्रयत्न करू नका, आगीत टाकू नका, तापेल अशा जागी ठेवू नका. आणि त्याच यादीत शेवटी लिहिलंय की भंगारात टाकण्याआधी, बाणाने दाखवलेल्या जागी भोक पाडून वायू आणि तेल बाहेर काढा. म्हणजे भोक पाडणं मॅन्युअलमध्ये आहेच, फक्त ते मेलेल्या शॉकअपचे अंत्यसंस्कार म्हणून. मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी हे चित्र पाहिलं असावं आणि पुढचं वाचायचा कंटाळा केला असावा.

समजा, नशिबाने काहीच फुटलं नाही. तरी पुढे काय? तेल मुळात गेलं कशामुळे? वरचं सील कापलं किंवा दांड्याच्या क्रोमवर ओरखडा आला म्हणून. ते दोन्ही जसंच्या तसं आहे, म्हणजे नवं तेल त्याच वाटेने जाणार. वरून तोंडापर्यंत भरायचा आग्रह! दांडा आत शिरतो तेव्हा तो आतली जागा खातो. १२ मिलिमीटरचा दांडा १५ सेंटिमीटर आत गेला तर १७ मिलिलिटर जागा लागते. ही जागा वायू आक्रसून करून देतो. तेल आक्रसत नाही. पूर्ण भरलेल्या नळीत दांडा जाऊच शकत नाही, मग पहिल्या मोठ्या खड्ड्याला एक तर सील उडतं नाही तर धक्का थेट बॉडीला बसतो. आणि भरायचं काय, तर इंजिन ऑइल. शॉकअपचं तेल त्याच्यापेक्षा कितीतरी पातळ असतं आणि झडपा त्या पातळ तेलाच्या हिशोबाने कापलेल्या असतात.

ही कल्पना आली कुठून, तेही सांगतो, कारण ती पूर्ण हवेतली नाही. मॉरिस मायनरच्या काळातल्या गाड्यांना लिव्हरचे शॉकअप असत आणि त्यांना तेल भरायचा बूच दिलेलाच असायचा. मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमधलं तेल तर आजही बदलतात, सीलही बदलतात. जुन्या मिस्त्रींनी हे आयुष्यभर केलंय. ते खरं आहे. पण ज्याला बूचच दिलेला नाही, जो कारखान्यात कायमचा बंद करून आलाय, त्याला तुम्ही तो न्याय लावू शकत नाही.

दुसरं एक खरं मान्य करावं लागेल, नाइलाजाने. सर्व्हिसला गाडी टाकली की सल्लागार मोबाइलवर फोटो पाठवतो, ‘सर, शॉकअप लीक आहे’. फोटोत दांड्याच्या खाली नळीवर थोडा ओलसर धुळीचा थर असतो. एवढ्याने शॉकअप गेला म्हणत नाहीत. दांडा सील ओला ठेवतच वर-खाली होतो, थोडा घाम येणारच. पुसून घ्या, आठवडाभर चालवा, परत बघा. नळी खालपर्यंत ओघळली असेल, तेल खालच्या बुशवर टपकत असेल, तर गेला. आणि टायरवरून तळहात फिरवा. रबर एकसारखं न झिजता लाटा-लाटांनी झिजलं असेल तर चाक रस्त्यावर टिकत नाही, उड्या मारतंय. डिकी दाबून सोडायची चाचणी सगळे करतात. शॉकअप पार मेला असेल तर ती सांगते, अर्धा मेला असेल तर नाही, कारण हाताने दाबायचा वेग आणि खड्ड्याचा वेग यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

इथेच ‘ब्रेकशी संबंध नाही’ हा मुद्दा निकाली निघतो. ब्रेक लागतो तो टायर रस्त्याला चिकटला असेल तेवढाच. हवेत असलेल्या चाकाला कितीही ब्रेक मारा.

आता दाजींचा खरा प्रश्न. डिकी खाली बसते. दाजी, त्याच्याशी शॉकअपचा काडीचा संबंध नाही! गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. तेल बदला, शॉकअप बदला, डिकी तिथेच राहणार. सपाट जागी रिकामी गाडी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, दोन्ही बाजूंनी. एक बाजू खाली असेल तर स्प्रिंग बसली किंवा शेवटचा वेढा तुटलाय. तुटलेला वेढा पुष्कळदा स्प्रिंग टेकते त्या खालच्या वाटीत लपून राहतो, टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही.

बसलेल्या स्प्रिंगवर मेसेजचा उपाय म्हणजे बफर. गाडी उचलते, हे खरं. का उचलते? समजा, स्प्रिंगचे सहा वेढे काम करतायत आणि बफरने त्यांतला एक जवळपास जाम केला, तर उरलेल्या पाचांवर स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक होते. म्हणजे तुम्ही वेगळी स्प्रिंग बसवली, तीही न मोजता. शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या मापाचा, आणि बहुतेकदा थकलेला. गाडी रिकामी असताना मागचा भाग टणाटण उडतो, ते यामुळे. त्याच खड्ड्याला आता पाच वेढ्यांना सहांचं दबणं दबावं लागतं, त्यात बफरखाली चिखल-पाणी साठून रंग घासला जातो. कोकणात पावसाळ्यात त्या जागी गंज धरायला किती वेळ लागतो हे वेगळं सांगायला नको.

‘जास्त वजन घेते’ हे तर साफ खोटं. टायर, ब्रेक, अ‍ॅक्सल तेच आहेत. उलट एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या बऱ्याच जुन्या मारुती गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. मागचा भाग किती दबलाय ते बघून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा हे ठरवतो. बफर घालून गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे. आत सहा माणसं कोंबलेली आणि मागचा ब्रेक अर्धवट! एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, पण त्याआधीच्या गाड्या रस्त्यावर कमी नाहीत. डिकीत सीएनजीची टाकी कायमची असेल तर त्या वजनाच्या स्प्रिंगा बसवा, जोडीने.

जोडीचं विचारलंच तर, होय, शॉकअपही जोडीनेच. एक नवा एक जुना म्हणजे वळणात गाडीची एक बाजू ऐकते, दुसरी ऐकत नाही. अपवाद एकच : जोडी अगदी नवी आहे आणि एकाला दगड लागून पोचा आला, तर तेवढा बदलला तरी चालेल.

जळक्या ऑइलवर फार लिहीत नाही. पाट्यांच्या गाड्यांत, म्हणजे मागे गोल स्प्रिंगऐवजी एकावर एक लोखंडी पट्ट्या असलेल्या अँबॅसडर-पद्मिनीत, पाट्यांवर तेल-ग्रीस मारायचे, कारण तिथे लोखंडावर लोखंड घासतं. स्विफ्टच्या मागे पाटे नाहीत. तिथल्या बुशचं रबर ऑइलने फुगतं, मऊ पडतं आणि आवाज थांबतो तो ते रबर संपायला लागल्यामुळे. त्या बुशबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ही चूक गॅरेजवालेही करतात. बीमच्या, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या, बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी जमिनीवर, चाकांवर उभी असताना. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि तो कायम राहतो. नवे बुश वर्षभरात फाटले की लोक माल डुप्लिकेट होता म्हणतात. माल बरा असतो.

‘दोनच नट, घरीच करा.’ नट मोजले तर फार चुकलं नाही. पण स्विफ्टसारख्या बीमच्या गाडीत शॉकअप एक कामही गुपचूप करतो : बीम किती खाली लोंबकळेल त्याला तोच आवर घालतो. बीमला खालून आधार न देता तो सोडलात तर बीम खाली येतो, ब्रेकची रबरी नळी ताणली जाते आणि स्प्रिंग जागा सोडून निसटते. आणि स्टेपनीचा जॅक चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) नसेल तर काम करू नका, एवढं साधं आहे.

राहिलं अलाइनमेंट. इथे मेसेजवाल्याला अर्धे गुण द्यावे लागतात, ते मला अजिबात आवडलेलं नाही. बीमच्या गाडीत मागच्या चाकांचा कोन फिरवायला बोल्टच नसतो. तरी बिलात ‘चार चाकी अलाइनमेंट’ लावून पैसे घेणारे आहेत. तेव्हा विचारा, मागे नेमकं काय फिरवलंत? पण मोजून घ्यायला हरकत नाही, मोजायलाच हवं. मागचं एक चाक तिरकं निघालं तर बीम वाकलाय किंवा बुश गेलाय, आणि पुढची चाकं कितीही सरळ केली तरी स्टिअरिंग वाकडंच राहणार. एक्सयूव्ही ७०० सारख्या गाडीत मागे बीमऐवजी प्रत्येक चाकाला स्वतंत्र आर्म (जोडदांड्या) असतात, तिथे मागचा कोन खरोखरच लावता येतो. त्यामुळे आधी गाडीखाली वाकून मागे काय आहे ते बघा, मग भांडा.

दाजी, तुम्ही आधी टेप घेऊन मोजा आणि आकडे पाठवा. स्प्रिंग बसलेली निघाली तर जोडी मागवून ठेवतो, गणपतीच्या आधी होऊन जाईल.