सायकसवरचं निळं फुलपाखरू कुणाचं पिल्लू नाहीये

पावसाळा आला की सायकसबद्दलचा, म्हणजे त्या ताडासारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडाबद्दलचा, फॉरवर्ड परत फिरायला लागतो, "सायकसवर बागडणारी छोटी निळी फुलपाखरं म्हणजे ब्लू मॉरमॉनची पिल्लं, झाडावरच्या मुंग्या त्यांच्या अळ्या खातात, लगेच मुंग्यांची पावडर टाका." सगळं चूक आहे, आणि लोक खरंच पावडर टाकतायत म्हणून लिहितेय.

आधी पिल्लाचं. कोषातून बाहेर आलं आणि पंख सुकले की फुलपाखराची वाढ संपली, जे काय वाढायचं ते अळी असताना. सायकसवरचं हे फुलपाखरू म्हणजे प्लेन्स क्यूपिड, पंख पसरून जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर, आणि एवढंच राहणार. ब्लू मॉरमॉन, म्हणजे २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, १२ ते १५ सेंटीमीटरचं, त्याच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात, सायकसशी त्यांचा संबंधच नाही.

दिसायलाही कुठे सारखं आहे? क्यूपिडचा नर वरून फिकट जांभळट निळा, मादीच्या पंखांना रुंद तपकिरी कड. पंख मिटून बसलं की निळं गायब, नुसतं राखाडी, पांढऱ्या कडांचे ठिपके, मागच्या पंखाला नारिंगी कडेचा, डोळ्यासारखा काळा ठिपका आणि केसाएवढी बारीक शेपटी. बसल्या बसल्या मागचे पंख एकमेकांवर घासतं, शेपट्या मिशांसारख्या हलतात, पक्षी त्यालाच डोकं समजून चोच मारतो आणि हे पंखाचा तुकडा देऊन निसटतं, असं कातरलेलं फुलपाखरू नीट बघितलंत तर तुम्हालाही दिसेल.

आता मुंग्या, इथे तर साफ उलटं आहे. अळीच्या पाठीवर मागच्या बाजूला एक ग्रंथी असते, मुंगी मिशांनी थोपटते, गोड थेंब येतो, ती पिते, आणि त्या बदल्यात अळीत अंडी घालायला टपलेल्या माश्यांना हाकलते. पावडर टाकून तुम्ही अळीचे राखणदारच मारता हो!

अळ्या पानं कुरतडतात हे मात्र खरं, पण फक्त कोवळी. मादी अंडी घालते तीच नव्या फुटणाऱ्या तुऱ्यावर, कडक झालेलं पान अळीला चालत नाही. त्यामुळे तुरा दिसला की मच्छरदानीच्या कापडाने झाकायचा आणि पानं कडक झाली की काढायचं, औषध लागतच नाही. आमच्याकडे दोन कुंड्या आहेत, एक झाकते, दुसरी त्यांच्यासाठी उघडी.