कच्च्या कैद्याचं मत

सोसायटीच्या ग्रुपवर आज कुणीतरी कैद्यांच्या मतदानाचा विषय काढला. लगेच खाली एकाचं उत्तर, "म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तेव्हापासून डोकं तापलंय.

चोर कुणी ठरवलं? 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. खटल्याचा निकालच लागलेला नाही, तरी मत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 62(5): आत असलेल्याला मत देता येत नाही. आणि दोषी ठरून, अपील करून जामिनावर बाहेर आलेला माणूस मात्र बोटाला शाई लावून सेल्फी टाकतो!

माझा मावसभाऊ असाच आत होता. गल्लीतल्या मारामारीत नाव आलं. जामीन मंजूर झाला होता हो, पण जामीनदार कुठून आणायचा? ऐपतीचा दाखला देईल असा माणूस शोधत मावशी दारोदार फिरली. सातबारा असलेले नातेवाईक फोन उचलेनात. त्यातच निवडणूक आली आणि त्याच्या नावाची मतदार चिठ्ठी घरी आली. मावशी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तुरुंगात त्याला भेटायला गेली. तिला वाटलं, चिठ्ठी दाखवली की साहेब त्याला मतदानाला नेतील. गेटवरच्या शिपायाने ती वाचली, नीट घडी घालून परत दिली. "मावशी, आतल्यांना नसतं हे."

म्हणजे एक ऐपतदार नातेवाईक उभा राहिला असता, तर त्याने मत दिलं असतं. मालमत्ता असेल त्याला मत, ही इंग्रजांच्या वेळची अट घटनेने मोडीत काढली ना? मग ही काय आहे?

सुप्रीम कोर्टाने 1997 साली हे कलम वैध ठरवलंय, ठाऊक आहे. बंदोबस्ताचा प्रश्न असतो, बरं, असेल. पण प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, म्हणजे खबरदारी म्हणून खटल्याविना डांबलेल्यांना टपाली मत देता येतंच की! आतून निवडणूकही लढवता येते. 2024 ला काश्मीरचे नेते इंजिनिअर रशीद तिहार तुरुंगात असताना बारामुल्लातून खासदार झाले. कोठडीत असलेले आमदार अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना 2022 मध्ये राज्यसभेसाठी मत देऊ दिलं नाही, तेव्हा चॅनलवर केवढी चर्चा. माझ्या मावशीच्या चिठ्ठीसाठी कोण बसणार चर्चेला?

शिक्षा भोगून सुटलेल्याला आपल्याकडे मत देता येतं, अमेरिकेतल्या काही राज्यांसारखी अडवणूक नाही, हेही मान्य. खुनाची शिक्षा झालेल्यांबद्दल वाद घाला, मी ऐकून घेईन.

मावसभाऊ पुढे निर्दोष सुटला. ते हुकलेलं मत कुठलं कोर्ट परत देणार त्याला? तरी नंतरच्या निवडणुकीला सकाळी सातला तो रांगेत पहिला होता. मावशी त्याच्या मागे. तिचा चेहरा आठवला की राग जरा निवतो.

कच्च्या कैद्यांना टपाली मतपत्रिका द्या, मागणी एवढीच आहे. प्रचाराला दारात कुठल्याही पक्षाचा येवो, त्याला हे विचारा. मी विचारणार आहे.